जुनी स्प्लेंडर घेतोयस तर एवढं बघ
भावा, जुनी स्प्लेंडर बिनधास्त घे, पण मीटरवरच्या आकड्यावर जाऊ नको. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना जा, एक-दोन किकमध्ये सुरू व्हायला पाहिजे आणि रेस केल्यावर निळा धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय, रिंग-पिस्टनच्या कामाचे पैसे कमी करूनच भाव बोल. 97.2 सीसीचं साधं एअर कूल्ड, म्हणजे हवेनेच थंड होणारं इंजिन, रेडिएटरची भानगडच नाही, कार्बोरेटरवाल्या (पेट्रोल-हवा मिसळणारा साधा भाग असलेल्या) मॉडेलला तर गावातला कुठलाही मेकॅनिक हात घालतो, म्हणून तर या गाड्या वर्षानुवर्षं टिकल्यात.

फक्त ऑइलकडे दुर्लक्ष नको! आत जेमतेम 900 मिली असतं, लगेच कमी पडतं. गाडी मेन स्टँडवर घे, डिपस्टिक (ऑइल मोजायची काडी) पुसून न आवळता नुसती टेकव आणि लेव्हल बघ.