बीगलबोन ब्लॅक (छोटा लिनक्स कॉम्प्युटर बोर्ड) यूएसबीने लॅपटॉपला जोडलाय, एसएसएच (लॅपटॉपवरून बोर्डात लॉगिन) होतं पण बोर्डवर नेट येत नाही. इमेज नव्याने टाकू की वायफाय डोंगल घेऊ?

इमेज, म्हणजे बोर्डाची अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम, टाकू नका. बाकीचं नंतर वाचा, पण हे आधी.

तुम्ही लिहिलंय की विंडोजचा लॅपटॉप आहे, १९२.१६८.७.२ ला एसएसएच व्यवस्थित होत होतं, लॅपटॉपचं नेट बोर्डला द्यायला वायफायवर शेअरिंग चालू केलं आणि नेट तर आलं नाहीच, उलट एसएसएचपण तुटलं. आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की बोर्ड गंडलाय, फ्लॅश मार, म्हणजे इमेज नव्याने टाक. अगदी ह्याच सल्ल्यापायी आमच्याकडे एका अख्ख्या सीझनचा डेटा गेलाय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

माझ्या मामांचा दिंडोरी तालुक्यात द्राक्षाचा मळा आहे. तिथे पंपाच्या खोलीत मी एक बीगलबोन बसवून दिला होता, तापमान, आर्द्रता आणि पान किती वेळ ओलं राहिलं ह्याच्या नोंदी घ्यायला. द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको, ऑक्टोबर छाटणीनंतर बाग पोंग्यात (कोंब नुकते फुटत) असताना नाहीतर नवीन पानं निघत असताना पाऊस झाला आणि पानं रात्रभर ओली राहिली की डाऊनीची (केवडा रोगाची) भीती असते, मग शेजारी फवारतोय म्हणून आपणही फवारायचं असं सगळं अंदाजाने चालतं. मामांच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या प्लॉटचे आकडे आले होते. मी सुट्टीला गेलो की लॅपटॉप जोडून आकडे काढायचो आणि मामा ते फवारणीच्या वहीत तारखेशेजारी स्वतः लिहून ठेवायचे. वहीत फक्त फवारणीच्या दिवसांचे आकडे, बाकी तासातासाच्या सगळ्या नोंदी बोर्डाच्या आतल्या मेमरीत.

पुढच्या सीझनला मामांना ग्राफ हवा होता, म्हणजे बोर्डवर दोन-तीन पॅकेज टाकायची होती, म्हणजे बोर्डला नेट हवं. मळ्यात वायफाय कुठलं, मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला आणि लॅपटॉपवरून यूएसबीने बोर्डला, एवढाच मार्ग. मी अंबडला कंपनीत, तेव्हा रजा मिळेना, म्हणून माझा आत्तेभाऊ गेला. दादाचं नाशिकरोडला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. त्याने शेअरिंग चालू केलं, एसएसएच तुटलं, आणि त्याने निदान केलं की बोर्ड करप्ट झालाय. मला फोन नाही, काही नाही, सरळ फ्लॅशरचं एसडी कार्ड घातलं आणि चालू केलं. फ्लॅश होताना बोर्डावरचे चार निळे एलईडी इकडून तिकडे पळत राहतात, बघायला फार छान वाटतं, पण त्या वेळात ४ जीबीच्या ईएमएमसीवर, म्हणजे बोर्डाच्या आतल्या मेमरीवर, जे काही आहे ते सगळं पुसलं जात असतं. मामा शेजारी उभे राहून कौतुकाने ते दिवे बघत होते. त्यांना काय माहीत काय चाललंय.

आणि एवढं करून नेट आलं का? नाही आलं. मग दादाचा दुसरा निकाल, यूएसबीवरून नेट चालतच नाही, डोंगल मागवा.

मी रविवारी गेलो. बोर्डाला हात लावायच्या आधी लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग ही नेटवर्कचे पत्ते दाखवणारी कमांड मारली. बीगलबोनच्या अडॅप्टरसमोर आयपी दिसला १९२.१६८.१३७.१. बास, तिथेच सगळं कळलं. विंडोजमध्ये शेअरिंग चालू करताना एक खिडकी येते, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की तुमच्या अडॅप्टरला आता १९२.१६८.१३७.१ हा पत्ता दिला जाईल आणि दुसऱ्या मशीनशी संपर्क तुटू शकतो, पण लोक न वाचता यस दाबतात. बोर्ड बसलाय १९२.१६८.७.२ वर, तो लॅपटॉपला ७.१ वर शोधतोय आणि लॅपटॉप गेलाय १३७ मध्ये, म्हणजे नाशकात एक पंचवटीत आणि दुसरा सातपूरला, भेट होणार कशी? बोर्ड पहिल्यापासून ठणठणीत होता. बिघाड लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये होता आणि फ्लॅश केला बोर्ड.

तुमचंही हेच झालंय, मला शंका नाही. शेअरिंग चालूच ठेवा, मात्र ते ज्या अडॅप्टरला नेट आहे त्याच्यावर, म्हणजे वायफायवर, आणि खालच्या यादीत बीगलबोनचा अडॅप्टर निवडलेला हवा. मग बीगलबोनच्या अडॅप्टरच्या आयपीव्ही-फोर प्रॉपर्टीजमध्ये जा आणि पत्ता परत ऑटोमॅटिक करा, बोर्ड स्वतःच लॅपटॉपला ७.१ देतो. नाही दिला तर हाताने १९२.१६८.७.१ टाका, मास्क २५५.२५५.२५५.०. एसएसएच परत सुरू होईल.

आता बोर्डात शिरा आणि ८.८.८.८ ला पिंग करा. इथे एरर नीट वाचायचा, सगळे एरर म्हणजे 'नेट नाही' असं नसतं. मामांच्या बोर्डवर आधी आलं 'नेटवर्क इज अनरीचेबल', ह्याचा अर्थ पॅकेट बोर्डाबाहेर पडलेलंच नाही, बाहेर कुठून जायचं हे बोर्डला ठाऊक नाही. 'राऊट ॲड डिफॉल्ट जीडब्ल्यू १९२.१६८.७.१' दिलं सुडो लावून, पिंगला उत्तर यायला लागलं. एररही नाही आणि उत्तरही नाही, नुसतं ताटकळतंय असं झालं तर मात्र पॅकेट बहुतेक लॅपटॉपपर्यंत जाऊन तिथेच अडलंय, मग शेअरिंग किंवा फायरवॉल बघा, आणि ऑफिसचा व्हीपीएन चालू असेल तर आधी तो बंद करा.

मग नावाने पिंग केलं तर 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन'. हे फक्त डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणं. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये नेमसर्व्हर ८.८.८.८ ची ओळ टाकली, झालं. राऊट काय आणि ही ओळ काय, रीबूटनंतर दोन्ही उडू शकतात, तेव्हा घाबरायचं नाही, परत द्यायची किंवा नेटवर्कच्या सेटिंगमध्ये कायमची टाकायची.

तरी अपडेट अडलं. 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट'. दादा मागे उभा होता, लगेच म्हणाला, बघ, इमेजच खराब. मी डेट कमांड मारली, बोर्ड कित्येक महिने मागच्या तारखेत होता. बीगलबोनला घड्याळासाठी बॅटरी नाही, पॉवर गेली की तारीख मागे पडते, नेट मिळेपर्यंत ती तशीच राहते, आणि सर्व्हरवरची फाइल बोर्डच्या दृष्टीने भविष्यातली असते म्हणून तो ती नाकारतो. बरोबरच करतो की तो! तारीख हाताने दिली आणि पॅकेज धडाधड उतरायला लागली.

डोंगलचं विचारलंय तर, मी तरी ह्या कामासाठी घेणार नाही. ज्या मळ्यात वायफायच नाही तिथे डोंगल काय पकडणार? शिवाय बोर्डला पॉवर लॅपटॉपच्या यूएसबीवरून मिळते, यूएसबी २ चा पोर्ट ठरलेल्या हिशोबाने ५०० मिलीॲम्पियर देणार, त्यातलं बरंचसं बोर्डच खातो, त्यावर डोंगल लावला की कनेक्शन पडत राहतं नाहीतर बोर्डच रीसेट होतो. मग गोल पिनचा ५ व्होल्टचा वेगळा ॲडॅप्टर घ्या. आणि काही डोंगलांचा ड्रायव्हर उतरवायलाच नेट लागतं, ते कुठून आणणार? घरी वायफाय आहे, बोर्ड कायम लॅपटॉपपासून लांब राहणार आहे, तर खुशाल घ्या, पण हा प्रॉब्लेम सुटत नाही म्हणून नका घेऊ.

काही गोष्टी राहिल्या. लॅपटॉप रीस्टार्ट झाल्यावर विंडोजचं शेअरिंग नावाला चालू दिसतं आणि चालत नाही, टिक काढून परत लावायची. लिनक्स किंवा मॅक असेल तर बोर्ड बहुतेक १९२.१६८.६.२ वर सापडेल, म्हणजे गेटवेही (बोर्डला बाहेर जायचा पत्ता) ६.१ होईल, ७.१ नाही. लिनक्सवर आयपी फॉरवर्डिंग चालू करून वायफायच्या इंटरफेसवर मास्करेड (बोर्डाची पॅकेट लॅपटॉपच्या पत्त्याने बाहेर पाठवणं) लावायचं, आणि डॉकर टाकलेलं असेल तर ते फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप करून ठेवतं, ती मोकळी केल्याशिवाय काही जाणार नाही. केबलचा संशय तुमच्या बाबतीत घेऊ नका, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर एसएसएच झालंच नसतं.

दादा आजही कुठल्या लग्नात भेटला की म्हणतो, नवीन इमेजमुळेच चाललं शेवटी. कसं काय? फ्लॅशच्या आधी एसएसएच तुटलं ते १३७.१ मुळे, फ्लॅशनंतर नेट आलं नाही तेही १३७.१ मुळे, आणि तो पत्ता बदलल्यावर पाच मिनिटांत चाललं. नवीन इमेजने फक्त मामांच्या नोंदी नेल्या. वर मलाच विचारतो की बॅकअप का नव्हता. अरे, गिऱ्हाइकाच्या हार्डडिस्कला हात लावायच्या आधी दुकानात विचारतोस ना डेटा हवाय का म्हणून? मग मामांना का नाही विचारलंस? त्या सीझनला डाऊनी कुठल्या रात्रीनंतर दिसला हे त्या नोंदींवरून काढता आलं असतं, ते आता कुठून आणायचं?

इमेज टाकायची वेळ येतच नाही असं नाही. बोर्ड बूटच होत नसेल, फाइलसिस्टिम गेली असेल, तर टाका. तुमचा बोर्ड लॉगिन घेत होता, म्हणजे तो धडधाकट आहे. आयपी नीट करून एसएसएच परत सुरू झालं की आधी त्यातल्या तुमच्या फाइल एससीपीने (एसएसएचवरून फाइल कॉपी करणारी कमांड) लॅपटॉपवर ओढून घ्या, मग राऊट आणि डीएनएसच्या मागे लागा. तरी अडलं तर लॅपटॉपच्या आयपीकॉन्फिगचं आणि बोर्डवरच्या राऊटचं आउटपुट इथे टाका, मी बघतो.