सोनं आहे, पण दिसत नाही

प्रश्न: रबर, प्लास्टिकचे दागिने करणारे आजकालचे आर्टिस्ट सोन्याला नाकं का मुरडतात? आणि यांना हे सुचतं तरी कुठून?

उत्तर: नाकं नाही हो मुरडत, सोन्याच्या हव्यासाबद्दलच त्यांना बोलायचं असतं. ओटो क्युन्झली या स्विस कलाकाराचं १९८० चं ब्रेसलेट बघा, काळ्या रबराची साधी नळी, एका जागी जरासा फुगवटा आणि त्याच्या आत सोन्याची गोळी, जी घालणाऱ्यालाही दिसत नाही, बघायचीच तर रबर कापा म्हणजे दागिनाच गेला! नाव ठेवलंय 'सोनं आंधळं करतं'. हॉलंडच्या खाइस बाकरनं तर १९७३ मध्ये सोन्याची तार अंगाला घट्ट बांधली, ती काढल्यावर कातडीवर उठलेला वळ हाच दागिना. मला हे जास्त भावतं, कारण वळ तिजोरीत ठेवता येत नाही.