धनुष्याचा वरचा बाहू एकाच गाठीशी दुमडतोय? आधी रंधा खाली ठेव

भावा, फोटो बघितला. माणगा बांबूचं साडेपाच फुटी धनुष्य, ओढायचं वजन २८ इंच ओढीला ३५ पौंड हवं होतं, वजनकाटा दाखवतोय २६, आणि वरचा बाहू (मुठीच्या वरचा अर्धा भाग) मुठीपासून दुसऱ्या गाठीशी गुडघ्यासारखा दुमडतोय. तिथं दोरा गुंडाळून फेविकॉल लावू का, असं विचारलंयस. नको. दोरा चिरफळी धरून ठेवेल, वाक कमी करणार नाही.

गाठ आतून सपाट केलीस, तिथंच घात झाला. बांबूच्या गाठीत धागे सरळ जात नाहीत, म्हणून पोटाकडून (ओढणाऱ्याकडच्या बाजूनं) तिथं थोडा उंचवटा ठेवायचा. पाठीची, म्हणजे समोरच्या बाजूची, साल तर अजिबात छेडायची नाही, सगळा ताण तीच झेलते.

आणि पौंड कुठं गेले? रंध्यात. जाडी १० मिलिमीटरची ९ केली, तर ताकद एक दशांश नाही, चतुर्थांशाहून जास्त उतरते. रुंदीचं तसं नाही, ती जेवढी कमी करशील तेवढंच वजन उतरतं. म्हणून शेवटी शेवटी मी फक्त फुटक्या काचेनं खरवडतो. बुरूड पात्यानं सोलतात, पण तो हात आपला नाही.

आता हे कर. चार इंचांचा सरळ ठोकळा घे, मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल घट्ट बसव. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीवर ठेवून दोरी कप्पीनं १० इंच ओढून बांध. दुमडत्या जागी पेन्सिलचं टोक पोटाला जेमतेम टेकेल एवढंच बाहेर ठेव आणि ठोकळा पोटावरून सरकव. मूठ सोडून जिथं रेघ उमटेल तिथं वाक कमी आहे. खरवडायचं फक्त तिथंच. दुमडत्या जागेच्या दोन्ही बाजूंना चार बोटं हात लावायचा नाही. दहा-बारा वेळा खरवडलं की तेवढ्याच ओढीला तीसेक वेळा ओढून सोड (हळू, दोरी हातातून सुटू देऊ नकोस), मगच पुन्हा बघ. लाकूड केलेलं लगेच दाखवत नाही.

दोन्ही बाहू सारखे होईपर्यंत २० पौंडांवर येशील. मग दोन्ही टोकांकडून एकेक इंच काप, थोडं वजन परत येईल. पण तुझ्या ओढीला ६४ इंचांखाली जाऊ नकोस.

वाक जुळेपर्यंत पूर्ण ओढायचा मोह आवर. माझं धामणीच्या लाकडाचं पहिलं धनुष्य रात्री बल्बखाली 'एकदाच बघूया' म्हणून ओढलं. काडकन! कपाळावरचं टेंगूळ आठवडाभर मिरवलं. शेजारची म्हातारी विचारायची, तालमीत जायला लागलास का.

हे सगळं पाऊस उघडल्यावर. जुलैत आपल्याकडं बांबू ओल धरतो, तसाच वाकवलास तर बाक कायमचा राहील. तोवर माळ्यावर आडवा टाक, चुलीजवळ नको, तडकेल.

पुढचा फोटो १० इंच ओढीचा टाक, बरोबर समोरून. आत्ताचा तिरका आहे, खालचा बाहू मला नीट दिसतच नाही.