वाशिष्ठीचा पूर, बारा टक्क्यांचा फंड आणि काकांचे बावीस लाख

चिपळूणहून एका काकांची मेल आलीय. एसटीतून ५८ व्या वर्षी रिटायर झालेत, ग्रॅच्युइटी, पीएफ सगळं मिळून २२ लाख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खात्यात जमा झाले, ईपीएसची पेन्शन अगदीच किरकोळ, मुलगी नोकरीला लागलीय, घर स्वतःचं, वडनाक्याजवळ, चिऱ्याचं, वर पत्रे. पुण्याच्या भाच्याने त्यांना एका फंडाची माहिती पाठवली. आफ्रिका आणि आग्नेय आशियातल्या शहरांमध्ये पूर, वादळ, दुष्काळाला तोंड देणारी कामं होणार, म्हणजे नाले, समुद्राकडच्या भिंती, पाण्याच्या योजना, आणि पैसे लावणाऱ्याला वर्षाला १२ टक्के. काकांना त्यात १० लाख घालायचेत. नाहीतर म्हणे महापालिकांचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठी काढलेले कर्जरोखे, घेऊ का? आणि शेवटी एक वाक्य लिहिलंय, "२०२१ ला पुराने माझं घर धुवून नेलं, आता पुराच्याच कामातून चार पैसे परत मिळाले तर बरं वाटेल."

काका, हे वाक्य मी दोनतीनदा वाचलं. २२ जुलै २०२१ नंतर दोन दिवसांनी आम्ही चारपाच जण रत्नागिरीहून मामाच्या दुकानातला चिखल काढायला तुमच्याकडे आलो होतो, फावड्याने कपाट उघडावं लागत होतं आणि आत वह्यांचा नुसता लगदा. त्यामुळे तुमचा हिशोब फक्त टक्क्यांचा नाहीये हे मला कळतं. पण टक्क्यांचाही करूया, कारण पैसे तुमचे आहेत आणि पुन्हा मिळणार नाहीयेत.

आधी घाईचं. पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम ६० वर्षांनंतरच मिळते असं तुम्ही लिहिलंय, तर तसं नाहीये. रिटायर होऊन पैसे मिळालेले असतील तर ५५ पूर्ण झालेल्यालाही उघडता येते, फक्त पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. पूर्वी ही मुदत एकच महिना होती, २०२३ च्या नोव्हेंबरात वाढवली. म्हणजे तुमच्या हातात जूनअखेरपर्यंतचा वेळ आहे, तो गेला की ६० पर्यंत थांबा. सध्याचा दर ८.२ टक्के, एकदा पैसे भरले की पाच वर्षं तोच दर, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात. डेपोकडून रिटायरमेंटचं आणि मिळालेल्या रकमेचं पत्र लागेल, ते आत्ताच मागून ठेवा, साहेब रजेवर, क्लार्क ट्रेनिंगला, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता भाच्याचा फंड. तुम्ही पाठवलेल्या पीडीएफमध्ये पान सातवर लिहिलंय की हा पर्यायी गुंतवणूक फंड आहे, म्हणजे एआयएफ. सेबीच्या नियमाने साध्या गुंतवणूकदाराला अशा फंडात कमीतकमी १ कोटी घालावे लागतात. मग तुमचे १० लाख कसे चालणार? भाचा म्हणतो, ओळखीतले दहा जण मिळून एकाच्या नावावर भरणार. माझ्या मनात पाल चुकचुकली ती इथेच. फंडाच्या दप्तरी नाव त्या एकाचं, तुमच्याकडे फार तर स्टँप पेपरवरचा करार, उद्या तो माणूस गेला, भांडला, कर्जात बुडाला तर तुम्ही फंडाचे कोणीच नाही. भाच्याच्या हेतूबद्दल मी काही बोलत नाहीये, पोरगा भला असेल, पण १ कोटीची अट अशा माणसांसाठी आहे ज्यांचे १० लाख बुडाले तरी घरची चूल पेटते.

दुसरं, १२ टक्के कशात? कामं होणार तिकडे, त्या शहराचा कर आणि पाणीपट्टी जमा होणार तिकडच्या चलनात, तुम्हाला पाहिजेत रुपये. मध्ये चलन घसरलं तर बारातले किती उरतील ते कोण सांगणार. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाची परतफेड थांबवली, घानाने त्याच वर्षी डिसेंबरात. गटारं चांगली बांधली होती की वाईट याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, देशाकडे डॉलरच संपले. अशा ठिकाणी १२ टक्के देतात ते उगाच प्रेमापोटी नाही देत.

आणि आता खरा मुद्दा. त्या पीडीएफमध्ये मोठ्या अक्षरात छापलंय की एक डॉलर घाला, चार डॉलरचा फायदा. हा आकडा खोटा नाहीये, वर्ल्ड बँकेच्या २०१९ च्या रिपोर्टमधला आहे, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत वीज, पाणी, रस्ते जरा दणकट बांधले तर सरासरी एका डॉलरमागे चार डॉलरचा फायदा होतो असं त्यांनी काढलंय. पण हे चार डॉलर मिळतात कोणाला? समजा उद्या वाशिष्ठी आणि शिवनदीचा गाळ नीट निघाला, वरच्या कोळकेवाडी धरणाचं पाणी, खालची भरती आणि पाऊस या तिघांचा मेळ घालणारी यंत्रणा बसली आणि बाजारपेठेत पाणी आलंच नाही. फायदा कोणाचा? कापडवाल्याचा, मेडिकलवाल्याचा, तुमचा. पण पाणी आलं नाही म्हणून कापडवाला कोणाला बिल भरणार आहे का? न आलेल्या पुराची पावती फाडता येत नाही हो. ज्याने त्या कामाला कर्ज दिलं त्याला ठरलेलं व्याज मिळणार, तेही नगरपालिकेच्या घरपट्टीतून, वाचलेल्या मालातून नाही. चारातले बहुतेक डॉलर जो भिंतीच्या मागे राहतो त्याचे.

म्हणूनच बघा, आपल्याकडे महापालिकांचे काही बाँड कशासाठी निघाले. पुणे, २०१७, २०० कोटी, ७.५९ टक्के, पाणीपुरवठ्यासाठी. गाझियाबाद, २०२१, १५० कोटी, सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना देण्यासाठी. इंदूर, फेब्रुवारी २०२३, २४४ कोटी, ८.२५ टक्के, सोलर प्लांटसाठी, कारण नर्मदेचं पाणी वर चढवायला त्यांचं विजेचं बिल प्रचंड येतं, ते वाचलं की पैसे सुटतात. या तिन्हींत कुठेतरी बिल आहे, मीटर आहे. पूर अडवायच्या कामाला मीटर नाही. मोझांबिकमधलं बेइरा बघा, आपल्यासारखंच किनाऱ्यावरचं, २०१९ मध्ये इडाई वादळाने झोडपलेलं, तिथली नदी मोकळी करायचं आणि पाणी काढायचं काम झालं ते वर्ल्ड बँक आणि जर्मन सरकारच्या बँकेच्या पैशातून. अलिबागमध्ये वादळात वीज जाऊ नये म्हणून तारा जमिनीखाली घातल्या, तेही केंद्राच्या वर्ल्ड बँकेवाल्या चक्रीवादळ प्रकल्पातून. (निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं आणि मंडणगड, दापोली, श्रीवर्धनकडे कित्येक गावं किती आठवडे अंधारात होती ते आठवा, म्हणजे जमिनीखालच्या तारेची किंमत कळेल.) या कामांत तुमच्याआमच्यासारख्यांना पैसे लावायला सहसा दारच नसतं, आणि जिथे कोणी दार उघडून १२ टक्क्यांची पाटी लावतो तिथे आत नेमकं काय चाललंय ते बघायला पाहिजे.

यातली वाईट गोष्ट म्हणजे चिपळूणला स्वतःचा बाँड काढणं जवळपास अशक्यच आहे. २०११ च्या जनगणनेत ५५ हजारांचं गाव, घरपट्टी ती किती, रेटिंग कोण देणार. केंद्र १०० कोटींच्या बाँडमागे महापालिकेला १३ कोटींचं बक्षीस देतं, पण ते मोठ्या शहरांना परवडणारं. ज्यांना जास्त गरज त्यांनाच बाजार दारात उभं करत नाही. याचा मला राग येतो, पण तुमच्या २२ लाखांनी हा प्रश्न सुटणारा नाही.

मग महापालिकेचे बाँड घ्यावेत का? थोडे घ्या, हौस म्हणून, १ लाखाच्या वर नको. वाईट वस्तू नाहीये. इंदूरचा इश्यू साध्या माणसांसाठी खुला होता, हजाराच्या एका बाँडचे अडीचशेचे चार तुकडे, ३, ५, ७ आणि ९ वर्षांनी परत मिळणारे, रेटिंग एए आणि एए प्लस, म्हणजे पैसे परत मिळण्याची खात्री चांगली. महापालिकेचं ठराविक उत्पन्न आधी वेगळ्या एस्क्रो खात्यात जातं, तिथून व्याजाचे पैसे बाजूला निघतात, मग उरलेलं नगरसेवकांच्या हातात, ही सोय मला आवडते. पण मधेच विकायचे म्हटले तर गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नाही, स्क्रीनवर भाव दिसतो आणि खरेदीदार नसतो. केंद्राचे ग्रीन बाँड रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट नावाच्या वेबसाइटवर १० हजारांपासून मिळतात, जानेवारी २०२३ ला पहिले निघाले तेव्हा पाच वर्षांचे ७.१० आणि दहा वर्षांचे ७.२९ टक्क्यांनी. बुडायची भीती नाही, पण बराचसा पैसा मेट्रो, रेल्वे, सौरऊर्जेकडे जातो, आणि पोस्ट तुम्हाला ८.२ देत असताना ७ च्या आसपास घ्यायचं काही कारण मला दिसत नाही.

आता तुम्ही जे विचारलं नाहीत ते. वाक्याच्या मधेच तुम्ही लिहून गेलात, "मीटर अजून खालीच आहे, माळ्याचं काम पैशांमुळे राहिलंय." काका, एकाला चार मिळवून देणारी गुंतवणूक ती हीच! भिंतीच्या मागे राहणारा माणूस तुम्हीच आहात की. मीटर आणि मेन स्विच २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या, महावितरणकडे अर्ज करून, परस्पर वायरमनकडून नको. इन्व्हर्टर बॅटरी वर. पत्र्याखाली पक्का माळा, लोखंडी चॅनेलवर, ज्यावर फ्रीज, गॅस, दोन ट्रंका आणि रात्र काढायला चार माणसं मावतील, आणि माळ्यावरून पत्र्यावर निघायला एक झडप. हे आवर्जून करा, त्या रात्री लोक पत्रे फोडून बाहेर आले होते. खालच्या मजल्यावर प्लायवूडचं फर्निचर पुन्हा करू नका, कडाप्प्याचे कप्पे करा, चिखल धुतला की झालं. मिस्त्रीचा अंदाज तुम्ही साडेतीन सांगितलात, मी ४ लाख धरतोय.

त्याच्या जोडीला घराचा विमा. २०२१ च्या एप्रिलपासून विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी मिळते, त्यात पूर, वादळ, दरड सगळं येतं, आणि घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के कव्हर, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप मिळतं. रक्कम लिहिताना जागेची किंमत धरू नका, पुन्हा बांधायला किती लागतील तेवढीच. प्रीमियम वाचवायला कमीही लिहू नका. मामाने दुकानातला माल निम्म्या किमतीचा दाखवला होता, क्लेमच्या वेळी कंपनीने नुकसानही त्याच हिशोबाने निम्मं धरलं, आणि मामा अजून कंपनीला शिव्या घालतो, पण फॉर्मवर सही त्याचीच आहे. दुकानाच्या पॉलिसीत तो नियम चालतो, घराच्या या पॉलिसीत कमी रकमेवरून क्लेम कापायचा नाही असं आहे, तरी मिळणार ते लिहिलेल्या रकमेपर्यंतच ना.

मग आकडे असे बसतात. १२ लाख सीनियर सिटिझनमध्ये, म्हणजे तिमाहीला २४,६०० रुपये, महिन्याला ८,२०० पडले. ४ लाख घराला, विम्याचा पहिला हप्ता त्यातूनच. ३ लाख अडीनडीला, यातले निम्मे चिपळूणबाहेरच्या शाखेत एफडी करा, पूर आला की गावातल्या बँका आणि एटीएम पण पाण्यातच असतात, २०२१ ला तुमच्याच डेपोत मॅनेजरना ९ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर बसून राहावं लागलं होतं, ते तुम्ही माझ्याआधी ऐकलं असेल. १ लाख महापालिकेचा बाँड, चांगला इश्यू आला तर, नाही आला तर राहू दे. उरले २ लाख, ते सात-आठ वर्षं लागणार नसतील तर एखाद्या साध्या हायब्रिड फंडात (काही पैसे शेअरमध्ये, काही कर्जरोख्यांत लावणारा म्युच्युअल फंड), थोडे थोडे करून. टॅक्सचं म्हणाल तर बाँडचं, पोस्टाचं व्याज सगळं उत्पन्नात धरतात, पण तुमची पेन्शन आणि हे व्याज मिळून नव्या पद्धतीत तुम्हाला कर बसतच नाही, त्यामुळे टॅक्स वाचवायचं म्हणून कोणी काही गळ्यात मारायला आलं तर चहा पाजून पाठवा.

१० लाखांवर १२ आणि ८.२ मधला फरक वर्षाला ३८ हजार. तेवढ्यासाठी तुम्ही दुसऱ्याच्या नावावर, तिसऱ्या देशात, चौथ्या चलनात पैसे ठेवताय. एक फ्रीज, एक वॉशिंग मशीन आणि घरातलं वायरिंग पाण्यात गेलं की या ३८ हजारांचं काय उरतं ते तुम्हाला माहितीय.

भाच्याला कसं सांगायचं हा तुमचा प्रश्न. सरळ सांगा, माझ्या स्वतःच्या नावावर फंडाचे युनिट, म्हणजे हिस्से, मिळत असतील तर कागद पाठव, मी बघतो. कागद आला तर मला मेल करा, मी वाचून कळवतो. आणि मिस्त्रीला या आठवड्यातच बोलवा, मिरग लागला की पत्र्याच्या कामाला कोणी फिरकत नाही.