मी 47, नवरा 51, राहणार भांडुप. 6-7 वर्षांची मुलगी दत्तक घेता येईल का?

हो, वयाच्या दृष्टीने नक्की घेता येईल. तुमच्या वयांची बेरीज 98 होते. 2022 च्या दत्तक नियमावलीनुसार 4 ते 8 वर्षांच्या मुलासाठी ती 100 पर्यंत चालते, त्याहून मोठ्यासाठी 110. वय नोंदणीच्या दिवशीचं धरतात, त्यामुळे 'कारा'च्या (केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या) पोर्टलवर लगेच नाव घाला. तान्ह्या बाळासाठी वर्षानुवर्षं रांग असते, मोठी आणि विशेष गरजा असलेली मुलं मात्र मागेच राहतात, म्हणून तुमचा विचार फार मोलाचा वाटला. फक्त 5 वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती लागते. आणि घरी आल्यावर तिने उशीखाली बिस्किटं लपवली तर रागावू नका. संस्थेत वाढलेल्या मुलांना उद्याच्या खाण्याची खात्री पटायला वेळ लागतो. शाळेच्या अभ्यासाचीही घाई नको.