गिरगावातील गॅरेजमधील १९५१ ची उघड्या छताची जॅग्वार एक्सके १२० घेण्यापूर्वी मालकी व स्थिती कशी पडताळावी?

सर्वप्रथम चासी क्रमांक विक्रेत्याने दिलेल्या कागदावरून नव्हे, तर प्रत्यक्ष गाडीवरून स्वतः टिपून घ्यावा. इंजिन क्रमांक ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वरच्या बाजूस कोरलेला असतो. तेथील वंगण पुसूनच तो वाचावा. हे क्रमांक जॅग्वारच्या जुन्या नोंदी जपणाऱ्या जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टला कळवल्यास मूळ इंजिन, रंग आणि कारखान्यातून रवाना झाल्याची तारीख दर्शवणारे प्रमाणपत्र सशुल्क मिळते. मात्र त्यावरून आजचा मालक ठरत नाही. त्यासाठी आरसी पुस्तकातील हस्तांतरणाच्या नोंदी क्रमाने जुळवाव्यात, आणि नोंदणीकृत मालक हयात नसल्यास वारसांनी नमुना ३१ (वारसाच्या नावे हस्तांतरणाचा अर्ज) भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावी, असा आग्रह धरावा. बहुतेक व्यवहार येथेच अडतात.

स्थिती पाहताना लोहचुंबक जवळ ठेवावा. दरवाजे, बॉनेट व डिकीचे झाकण मुळातच ॲल्युमिनियमचे असल्याने तेथे तो चिकटणार नाही, पण दरवाजाखालच्या पोलादी पट्टीवर चिकटला नाही तर गंजावर लांबी (पुट्टी) भरलेली आहे असे समजावे. समुद्राच्या खाऱ्या हवेत ही शंका प्रथम घ्यावी.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज गाड्यांसाठीच्या ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी करता येते, मात्र नंतर ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही.