मुका मार आणि तिसरा दिवस

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. दुचाकी घसरून त्यांच्या पाच बरगड्या मोडल्या. अंगावर साधी जखमही नव्हती आणि पहिल्या दिवशी ते आमच्याशी नीट बोलत होते. तिसऱ्या दिवशी मात्र धाप वाढून त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यावे लागले. उपचारांत काही चुकले असेल का? ते यातून बाहेर येतील ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : रुग्णाला न तपासता चूक झाली की नाही हे मी सांगू शकत नाही, परंतु आपण सांगितलेला क्रम मुक्या मारात नेहमी दिसणारा आहे. पहिल्या काही तासांत भीती असते ती यकृत, प्लीहा किंवा ओटीपोटाच्या हाडांभोवती होणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तस्रावाची, आणि ती वेळ त्यांनी निभावली असे दिसते. फुफ्फुसाचे गणित निराळे आहे. चेचलेल्या भागात रक्त व पाणी झिरपत राहते, त्यामुळे सूज साधारणपणे २४ ते ७२ तासांत वाढते. शिवाय बरगड्यांच्या वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. म्हणूनच अशा रुग्णाला वेदनाशामक देणे ही केवळ दया नसून तो उपचाराचाच भाग असतो.

वयाचा मुद्दा मात्र टाळता येत नाही. बरगड्या मोडलेल्या रुग्णांची सिअ‍ॅटलमधील एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली, तीत ६५ वर्षे व त्यापुढील रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण २२ टक्के, तर त्याहून तरुण रुग्णांत १० टक्के आढळले. हे आकडे जुने आणि परदेशातले असून, ज्येष्ठांतही बहुसंख्य वाचले हेही त्यांतच दिसते.

‘किती टक्के चान्स?’ या प्रश्नाला अतिदक्षता विभागातले डॉक्टर बहुधा बगल देतात, आणि ते रास्तच आहे. त्याऐवजी ऑक्सिजनची गरज कालच्यापेक्षा कमी आहे का, रक्तदाबासाठी औषध चालू आहे का, लघवी पुरेशी होते का आणि डोक्याला मार आहे का, हे रोज विचारावे. गुंगीचे औषध कमी केल्यावर वडील बरळू लागले किंवा आपल्याला ओळखेनासे झाले, तर घाबरू नका. हा भ्रम ज्येष्ठांत वारंवार दिसतो व पुष्कळदा ओसरतो, तरी तो डॉक्टरांच्या कानावर घालावा. ते चष्मा किंवा कर्णयंत्र वापरत असतील, तर ते आजच परिचारिकांकडे देऊन ठेवावे.